एका घरातून एकीलाच

तुम्हाला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावर थंड हवेत बसून दुसऱ्यांच्या रक्ताचे निकाल वाचणाऱ्या साहेबांनो, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तुम्ही धाकटीची सही घेतलीत. नजरचूक झाली असं आता म्हणू नका. नजरचूक म्हणजे जी नजरेला पडत नाही ती. तुमची चूक तुमच्याच वॉर्डाच्या दारावर लाल अक्षरांत रंगवून टांगलेली होती.

कुणी विचारेल, एवढं आकांडतांडव करायला झालं काय? कुणी मेलं का? नाही मेलं. मेलं असतं तर दोन दिवस वर्तमानपत्रात तरी आलं असतं. इथं कुणी मेलं नाही, म्हणूनच सगळ्यांचं फावलं. तेव्हा पहिल्यापासून ऐका.

बहिणी दोन. थोरली अडतीसची, धाकटी तेहतीसची. दोघींच्या कमरेचे, मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू विशी उलटल्यापासून झिजत चाललेले. आजार जन्माचाच. एक बिघडलेलं जनुक आईकडून आलं, एक बाबांकडून. आईबाप दोघंही धडधाकट, कारण दोघांकडेही एकेक चांगलं जनुक शिल्लक होतं. बिघडलेली दोन एकत्र आली ती मुलींच्या वाट्याला. अशा जोडप्याच्या चार मुलांत एकाला हा आजार होतो, असा हिशेब असतो म्हणे.

"चारात एक," बाबा म्हणायचे, "आणि आपल्याकडे दोनात दोन. जन्मात कधी सोडत लागली नाही मला. लागली ती ही, आणि तीही दोनदा."

आई गेल्यापासून ते हा विनोद येईल-जाईल त्याला सांगायचे. स्वतः कधी हसायचे नाहीत.

थोरली मुद्रितशोधक होती. छापखान्यातून आलेली कच्ची पानं मांडीवर फळी ठेवून वाचायची आणि पेन्सिलीने चुका काढायची. चालणं जवळजवळ संपलं होतं. खोलीतल्या खोलीत भिंत धरून, एवढंच. जीभ मात्र शाबूत होती. आजाराने जीभ सोडून सगळं खाल्लं, असं ती स्वतःच म्हणायची.

धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. छापून आलेले फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, खळ फिरवायची, पुठ्ठ्यात बसवायचे, दाबाखाली ठेवायचे. वीस माणसं मोठ्या टेबलांभोवती उभी राहून काम करत. ही एकटी उंच स्टुलावर. वरच्या फळीवरचा दोरा घ्यायचा तर उजवा हात आपणहून वर जात नसे. डाव्या हाताने उजव्याचं कोपर ढकलून तो वर चढवावा लागे, सामान चढवावं तसा. आणि स्टुलावरून उठायचं म्हणजे आधी हात टेबलावर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर: स्वतःच्याच अंगावर चढत चढत ती उभी राहायची. कारखान्यातल्यांनी ते बघायचं कधीच सोडून दिलं होतं. यालाच ती चांगली वागणूक म्हणायची.

अशात एका संशोधन संस्थेची या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी निघाली. मोठ्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून समजावलं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, पन्नाशी ओलांडलेला, थकल्या डोळ्यांचा माणूस. वाईट मुळीच नव्हता, आणि हेच सगळ्यात वाईट. वाईट माणसावर निदान ओरडता येतं.

"तुम्ही पुस्तकं बांधता ना?" त्यांनी धाकटीला विचारलं. "मग असं समजा, एक पान चुकीचं छापलंय. एका प्रतीत नाही, सगळ्या आवृत्तीत. तुमच्या प्रत्येक पेशीत ते चुकीचं पान आहे. आम्ही बरोबर छापलेलं पान स्नायूंपर्यंत पोचवणार. पोचवायला पाकीट लागतं. ते पाकीट म्हणजे एक विषाणू. त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकलंय, नुसतं रिकामं पाकीट."

"आणि जुनं चुकीचं पान? ते फाडणार?" थोरलीने विचारलं.

"नाही. ते राहील. शेजारी बरोबर पान असेल, शरीर ते वाचेल."

"म्हणजे शुद्धिपत्र," थोरली म्हणाली. "चाळीस वर्षांनी का होईना, छापखान्याला लाज वाटली म्हणायची."

डॉक्टर हसले. मग दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे औषध आयुष्यात एकदाच. पाकीट एकदा आत आलं की शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवतं. दुसऱ्यांदा आलं की दारातच मारतं, आणि मारताना रोग्यालाही झोडपतं. दोन, म्हणूनच ज्याच्या रक्ताची या विषाणूशी आधी कधी गाठ पडलेली नाही, त्यालाच औषध मिळेल. तपासणी झाली. दोघींचंही रक्त कोरं निघालं.

पण नियम होता: एका फेरीत एका घरातून एकालाच. पहिल्या फेरीत सहा जण, आठ-नऊ महिन्यांनी दुसरीत आणखी आठ, मग तिसरी. तेव्हा आधी कोण, यावर घरात भांडण पेटलं.

"तू जा," थोरली म्हणाली. "तुझ्यात वाचवण्यासारखं काही उरलंय. माझ्या पुस्तकाला कधीच वाळवी लागली."

"ताई, दोन वर्षं झाली तू आपल्या पायांनी जिना उतरली नाहीस. मी अजून रोज चढते."

"चढतेस? परवा कठड्याला मिठी मारून उभी होतीस बराच वेळ. मला वाटलं, स्थळ पसंत पडलं वाटतं."

"बाबा, हिला सांगा काहीतरी."

"मी काय सांगू?" बाबा म्हणाले. "दोघींना काय द्यायचं ते मी आधीच देऊन बसलोय."

भांडण मिटवलं ते वयाच्या अटीने. एकोणचाळीस पूर्ण झालेल्याला औषध मिळणार नव्हतं. दुसऱ्या फेरीपर्यंत थोरली ती रेघ ओलांडणार होती. म्हणजे तिला आत्ता, नाहीतर कधीच नाही. धाकटीला थांबता येत होतं. ती थांबली. यात कसला त्याग वगैरे नव्हता. साधी वजाबाकी होती. दोघींना मिळेल असा तो एकच रस्ता होता.

आता सहीकडे या. औषध घेणाऱ्याच्या सोबत घरातली एक प्रौढ व्यक्ती काळजीवाहक म्हणून हवी, तिची लेखी संमती हवी, हा संस्थेचा नियम. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप. कपातला चहा ओठापर्यंत पोचेतो अर्धा व्हायचा. उरली कोण? धाकटी.

सह्या घेणारी समन्वयक बाई फार गोड होती. तिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'छान'ने व्हायची. 'छान, अजून दोन तास थांबावं लागेल.' 'छान, शीर सापडत नाहीये.' थोरलीने पहिल्याच दिवशी तिचं नाव छानबाई ठेवलं. तर या छानबाईंना धाकटीने पेन हातात घेण्याआधी विचारलं होतं. हे नीट ऐका, साहेब. विचारलं होतं.

"मी पण याच आजाराची आहे. दुसऱ्या फेरीच्या यादीत आहे माझं नाव. मी काळजीवाहक झाले तर चालेल ना?"

"छान!" बाई म्हणाली. "मग तर तुम्हाला सगळं आधीच बघायला मिळेल."

धाकटीने सही केली.

छानबाईला दोष देऊन मोकळं होऊ नका. तिला विषाणूतलं काय कळत होतं? तिच्याकडे नावांची यादी होती. ज्यांना विषाणूतलं कळत होतं त्या तिसऱ्या मजल्यावर नुसते आकडे जात. रुग्णाचं नाव झाकायचं, त्याची ओळख फुटू द्यायची नाही, असा नीतिसमितीचा दंडक. तेव्हा वर सत्तावीस नंबरचं कोरं रक्त दुसऱ्या फेरीची वाट बघत होतं, आणि खाली एक काळजीवाहक सही करत होती. ती दोन्ही एकच बाई आहे, हे वरच्याला दिसत नव्हतं आणि खालच्याला कळत नव्हतं. नीती पाळायची म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधलीत, आणि मग म्हणालात, आम्हाला दिसलं नाही.

औषधाच्या दिवशी थोरलीला चाकांच्या खाटेवरून आत नेलं. मागून धाकटी निघाली, तर वॉर्डाच्या दारावर पाटी: या आजाराच्या इतर रुग्णांना आत प्रवेश नाही. ती थबकली.

"मी पण याच आजाराची आहे," तिने दारावरच्या रखवालदाराला सांगितलं.

त्याने तिच्या गळ्यातलं कार्ड उचलून बघितलं. "यावर काळजीवाहक लिहिलंय."

"हो, पण मला पण—"

"बाई, मी कार्ड वाचतो. माणूस वाचायला मला शिकवलेलं नाही. जा आत."

ती गेली. त्या पाटीचा अर्थ कुणाला तरी विचारायला हवा होता, हे तिला तेव्हाही वाटलं. विचारलं नाही, कारण विचारलं तर बाहेर काढतील आणि ताई आत एकटी राहील. ही तिची चूक. ती नाकारत नाही. तुम्हीही आपली अशीच पदरात घ्या.

औषध म्हणजे शिरेतून थेंब थेंब जाणारं, पाण्यासारखं बिनरंगाचं काहीतरी. तासाभरात संपलं.

"एवढंच?" थोरली म्हणाली. "मला वाटलं निदान दिवे तरी लुकलुकतील."

तीन दिवसांनी घरी सोडलं. सोबत गोळ्या, तापमापक आणि हातमोज्यांचा एक खोका. कागदावर लिहिलं होतं: काही आठवडे रुग्णाची लघवी, विष्ठा, उलटी हाताळताना स्वच्छतेसाठी हातमोजे वापरावेत, औषधाचे अंश शरीराबाहेर टाकले जाण्याची शक्यता असते. थोरलीने तो कागदही पेन्सिल घेऊनच वाचला. चौतीस पानांचं संमतीपत्र तिने असंच वाचलं होतं आणि अकरा चुका काढल्या होत्या. मुद्रितशोधक अर्थ वाचत नाही, अक्षरं वाचतो. अर्थामध्ये अडकला तर चूक निसटते. औषधाचे अंश टाकले जाण्याच्या त्या वाक्याला शेवटी पूर्णविराम नव्हता. तिने तो दिला आणि पान उलटलं.

पहिला आठवडा वाईट गेला. ताप आणि उलट्या. अंथरुणात, उशीवर, धाकटीच्या पदरावर, हातावर. धाकटी कारखान्यातून सुट्टी काढून दिवसभर बादली आणि फडकं घेऊन बसलेली. पहिले दोन दिवस तिने हातमोजे घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या तोंडाला ओलं फडकं लावायला गेली तर थोरलीने मान फिरवली.

"ते रबर काढ आधी. मेल्याला आंघोळ घालतात तसं वाटतं."

"कागदावर लिहिलंय ताई."

"कागदावर स्वच्छतेसाठी लिहिलंय. तुझे हात स्वच्छ नाहीत का? नाहीतर मग काय, लागण होईल माझी?" ती हसली, आणि हसता हसता पुन्हा ओकली. जरा दम खाऊन म्हणाली, "अगं वेडे, माझं तुला काय लागणार? जे लागायचं ते आईच्या पोटातच लागलंय."

धाकटीलाही हसू फुटलं. खरंच होतं. जगात दुसऱ्या कुणाला लागो न लागो, या दोघींना एकमेकींचं काय लागणार होतं? दोघींच्या प्रत्येक पेशीत तेच चुकीचं पान. शेजारीपाजारी, बाबा, कुणीही त्या जागी असतं तर भीतीने का होईना हातमोजे घातले असते. ज्यांना तो आजार होता त्यांनाच त्याची भीती नव्हती. तिने हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी बहिणीचं तोंड पुसलं. पुढचे पाच आठवडे उघड्याच हातांनी केलं सगळं. थोरलीने पानात टाकलेला भात ताट धुवायला नेताना उभ्याउभ्या खाल्ला, नेहमी खायची तसा.

चौथ्या महिन्यात थोरलीने कंगवा मागितला. धाकटी विंचरायला पुढे झाली तर म्हणाली, "थांब. लांब उभी राहा." आणि हात वर नेला. थरथरत गेला, अर्ध्यावर थांबला, परत निघाला, आणि भांगापर्यंत पोचला. भांग वाकडा पडला. तो वाकडा भांग दिवसभर तसाच ठेवून ती आल्यागेल्याकडे डोकं करून बसली होती. सहाव्या महिन्यात ती आधार न घेता खुर्चीतून उठली. सातव्यात तीन पायऱ्या. बाबा पायऱ्यांच्या खाली दोन्ही हात पसरून उभे होते, मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती नुसती हलती सावली दिसत असणार. "वर गेली का? गेली का वर?" विचारत राहिले.

नववा महिना लागला आणि दुसऱ्या फेरीसाठी धाकटीचं रक्त पुन्हा घेतलं. आठवड्याने बांधणीच्या कारखान्यात तिला फोन आला.

"छान, तुम्ही उद्या सकाळी येऊ शकाल का? मोठ्या डॉक्टरांना बोलायचंय."

तिच्या हाताला खळ लागलेली होती. ती वाळून कडक होईपर्यंत ती फोन धरून बसली.

डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती तयार झाली आहे. भरपूर. औषध देता येणार नाही. दिलं तर लागू पडणार नाही, आणि यकृत जाईल.

"आता कधीच नाही?"

"या औषधाने नाही."

ती म्हणाली, "मागच्या वर्षी रक्त कोरं होतं माझं."

"होतं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हा विषाणू निसर्गातही फिरतो. सर्दीपडशासारखा येऊन जातो, कळतही नाही. मधल्या काळात तसं झालं असेल. किंवा..."

"किंवा काय?"

"तुमच्या बहिणीचं सगळं कोणी केलं? उलट्याबिलट्या?"

"मीच. सगळं मीच केलं."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. क्षणभरच. पण धाकटीने ते बघितलं. वॉर्डाच्या दारावरची पाटी कशासाठी होती ते तिला त्या मिटलेल्या डोळ्यांत वाचता आलं. आजारी भावंडाने दूर राहावं, कारण पाकिटातलं काही बाहेर पडतं आणि दुसऱ्याच्या अंगात शिरून त्याची एकुलती एक संधी खाऊन टाकू शकतं. त्यांना हे ठाऊक होतं. पाटी रंगवण्याइतकं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तिच्या हातात कागद आला. सहभागी क्रमांक सत्तावीस, अपात्र. कारण: निसर्गतः आलेली प्रतिकारशक्ती. खाली सहीची जागा.

"सही केलीत तर तुमची फाईल स्वच्छ बंद होते," डॉक्टर समजावत होते. "चार-पाच वर्षांत दुसऱ्या विषाणूवरची चाचणी येईल. वेगळं पाकीट. तिथे तुमचं नाव पहिलं पाठवीन, हा माझा शब्द."

"आणि नाही केली तर?"

"तर चौकशी लागेल. वाद चालू असलेल्या माणसाला नव्या चाचणीत घेत नाहीत, तो नियम माझ्या हातात नाही. आणि तुमच्या बहिणीचाही विचार करा. हे निसर्गतः आलं, असं त्यांना वाटलेलं बरं नाही का?"

बघा कसं असतं. कापायचं तर नेमकं कुठे कापावं, हे डॉक्टरइतकं कुणाला कळणार? धाकटीला तो कागद खोटा आहे हे कळत होतं, आणि तरी ती तो घडी घालून, जपून घरी घेऊन आली. चार-पाच वर्षांनी का होईना, एक दार. आणि ताईला कधीच कळणार नाही. एका सहीत दोन्ही. ती थकली होती. रागवायलाही स्नायू लागतात, आणि तिचे बरेचसे झिजले होते.

घरी आल्यावर तिने ताईला सांगितलं, रक्तात निसर्गतःच काहीतरी निघालं, लहानपणीच्या सर्दीचं वगैरे.

"अच्छा," थोरली म्हणाली. "पिशवीत काय आहे?"

"काही नाही. कागद."

"आण इकडे."

"ताई, उगाच—"

"मी आता उठू शकते, विसरलीस वाटतं. आणतेस की उठू?"

तिने कागद दिला. थोरलीने सवयीने पेन्सिल उचलली, आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. पेन्सिल कुठेच टेकली नाही.

"एकही चूक नाही," ती म्हणाली. "या संस्थेतून एवढा स्वच्छ कागद कधी येत नाही. हा फार लोकांनी बसून लिहिलाय." मग कागद खाली ठेवून, धाकटीकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडून गेलं ना तुझ्यात?"

"नाही ग. सांगितलं ना, लहानपणी—"

"मागच्या वर्षी कोरं होतं. लहानपण मागच्या वर्षीनंतर आलं का तुझं? आणि खोटं बोलताना तुझी नाकपुडी फुगते, हे तुला आता तेहतिसाव्या वर्षी सांगावं लागतंय."

धाकटीने कागद उचलून त्याची पुन्हा घडी घातली.

"हातमोजे मी काढायला लावले," थोरली म्हणाली.

"काढले मी."

"लावले मी."

"मग काय करतेस? उलटी परत गिळतेस?" धाकटी एकदम ओरडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ओरडून झाल्यावर तिला बसावंसं वाटलं, पण बसलं तर पुन्हा उठावं लागेल म्हणून ती उभीच राहिली.

बाबा आतून भिंत चाचपत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सही करून टाक पोरी," ते म्हणाले. "मोठ्यांशी भांडून कुणाचं भलं झालंय? पाच वर्षांनी म्हणतायत ना, पाच वर्षांनी. आपण थांबू."

"बाबा, पाच वर्षांनी ती अडतीसची होईल," थोरली म्हणाली. "आणि तेव्हा पेन धरायला हात उरला तर, पुन्हा कसली तरी सही करेल." मग धाकटीला म्हणाली, "माझ्यासाठी करणार असशील तर करू नकोस. माझ्या अंगातून काय बाहेर पडतं हे अख्ख्या संस्थेला ठाऊक, आणि एकटीला मला ठाऊक नसावं? स्वतःसाठी करणार असशील तर कर. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

स्वतःसाठी. रात्रभर धाकटी या एका शब्दाभोवती फिरत राहिली आणि सकाळी थकूनच ठरवलं: सही करायची. खरं सांगायचं तर ती सही करायलाच निघाली होती. थोरली म्हणाली, मी येते. घराबाहेर पडायची चैन तिला नव्यानेच लागली होती. नको कशी म्हणणार?

खालच्या मजल्यावर, छानबाईच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. आत एक माणूस कागद वाचत होता, पस्तिशीचा, सुताराच्या हातांचा. नखांत पॉलिशचा तपकिरी रंग.

"माझा भाऊ फार घाबरलाय," तो सांगत होता. "मी जवळ असलो की बरा राहतो. रात्रंदिवस सोबत राहिलं तर चालतं ना?"

"छान! घरचीच व्यक्ती सोबत असलेली उत्तम. इथे सही."

त्याने सही केली आणि उठायला लागला. आधी दोन्ही हात टेबलावर. मग गुडघ्यांवर. मग मांड्यांवर. स्वतःच्या अंगावर चढत चढत तो उभा राहिला.

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरली त्याच्याकडेच बघत होती.

"तुमचं रक्त तपासलंय का हो इथे?" धाकटीने त्याला दारातच गाठलं.

"हो. कोरं आहे म्हणाले." तो हसला. "मी पुढच्या फेरीत. भावाचं उद्या. तो धाकटा, म्हणून आधी त्याला."

यापुढे काय ठरवायचं होतं? काहीच नाही. ठरवायला ताकद लागते. इथे तिच्या हातात नुसतं पुढे चालणं उरलं होतं. ती डॉक्टरांच्या दाराकडे वळली. मागून थोरली, भिंत न धरता. सुतार गोंधळून त्यांच्या मागोमाग.

आत डॉक्टर होते आणि नीतिसमितीचे एक साहेब, दोघांच्या मध्ये चहाचे कप.

"बसा ना," डॉक्टर थोरलीला म्हणाले.

"नको. तुमच्याच औषधाने उभी आहे, उभीच बोलते. त्याचे उपकार विसरणार नाही, मरेपर्यंत नाही. पण उपकार माझ्यावर केलेत आणि फेड हिच्याकडून घेतलीत, हे मला कुणी सांगितलं नाही."

"हे बघा," साहेब म्हणाले, "हातमोजे दिले होते. लेखी दिलं होतं."

"स्वच्छतेसाठी दिले होते," धाकटी म्हणाली. "माझी संधी जाईल म्हणून दिले असते ना साहेब, तर झोपतानाही काढले नसते मी."

तिने घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर आपलं पेन.

"मी सही करते. आत्ता करते. फक्त कारणाच्या रकान्यात खरं लिहा. घरातल्या रुग्णाची सेवा करताना आलं, आणि सेवेला संस्थेनेच बसवलं, एवढं लिहा. मग पाच वर्षांनी मला बोलवा, न बोलवा, तुमची मर्जी."

"असं लिहिलं तर चाचणी थांबेल," साहेब म्हणाले. "रांगेत किती लोक आहेत ठाऊक आहे? त्यांचं काय?"

"त्यातला एक हा दारात उभा आहे," धाकटी म्हणाली. सुताराने चमकून डॉक्टरांकडे बघितलं. "उद्या याच्या भावाला औषध देणार, आणि परवापासून हा त्याच्या उलट्या काढणार. याची सही आत्ता पाच मिनिटांपूर्वी घेतलीत. याला काय ते तुम्ही सांगता की मी सांगू? आणि कागदावर लिहिता की नाही? मला फार वेळ उभं राहता येत नाही, डॉक्टर. बोला."